हबशाचा राजा आणि कानबाईचे रोट

माणसांची किळस आली की अन्नावरची वासना उडते. गोडादरा वस्तीतल्या प्रमिलाबाईंची उडाली ती देवीच्या प्रसादावरून.

बाई मूळच्या धुळ्याकडच्या. नवरा लोटू कापडाच्या लूमवर कामाला जायचा आणि त्या घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायच्या. शेजारच्या खोलीत खैरूनबी आणि तिची नात, त्यांचंही तेच काम. ब्याण्णवच्या डिसेंबरात शहर पेटलं, तेव्हा प्रमिलाबाईंनी दोघींना आपल्या माळ्यावर दडवलं. खाली टोळकी दारं बडवत हिंडत होती आणि वर खैरूनबी नातीला कुजबुजत गोष्ट सांगत होती. मक्केत छळ झाला म्हणून नबींची माणसं समुद्र ओलांडून हबश देशाच्या राजाकडे, नजाशीकडे गेली. मागोमाग मक्केवाले नजराणे घेऊन आले, म्हणाले, आमची माणसं आमच्या हवाली कर. राजा ख्रिस्ती, ना यांच्यातला ना त्यांच्यातला. त्याने दोन्हीकडचं ऐकलं, आसऱ्याला आलेल्यांना ठेवून घेतलं आणि नजराणे परत पाठवले. प्रमिलाबाईंना हा राजा भारी आवडला. दंगल निवळल्यावर त्यांनी दोघींना भेस्तानला खैरूनबीच्या भाच्याकडे पोचवलं आणि खोली सांभाळीन असा शब्द दिला.

त्यांचा चुलत दीर बाबुराव याने कुलूप तोडून ती खोली बळकावली. पुढच्या श्रावणात तर त्याने चक्क तिथेच कानबाई देवी बसवली. देवी बसली की खोली मागायची कोणाची छाती होणार, हे त्याचं डोकं. भिंतींना चुना मारला, तोरण बांधलं, आरतीला सगळी गल्ली लोटली, आणि एकालाही काही वाटलं नाही. थू असल्या भक्तीवर.

कानबाईच्या प्रसादाच्या रोटांचे गहू माणशी मोजून घेतात आणि रोट भाऊबंदांनीच खाऊन संपवायचे असतात. एका घराचा वाटा उरला तर देवीचं काम अपुरं राहतं. प्रमिलाबाईंनी नेमकं तेच धरलं. बाबुरावाची बायको सुंदरा ताट घेऊन आली.

"वैनी, तुमना वाटाना रोट शेतस. खाई ल्या."

"खोली मोकळी करा, मंग खासू."

सुंदराचं तोंड उतरलं. बाबुराव धावत आला, नवी साडी पुढे केली, पाया पडला. बाई हलेनात. शेवटी देवीच्या धाकाने तो नव्या कुलपाची किल्ली काढून चाचपू लागला. एवढ्यात लोटू पाळीवरून आला. भुकेला होता. त्याने ताट ओढलं, आपला वाटा खाल्ला, बायकोचाही खाल्ला आणि मिशीला हात पुसला.

"देवीनं काम व्हई गयं," तो म्हणाला.

बाबुराव खो खो हसला आणि किल्ली खिशात टाकून निघून गेला. प्रमिलाबाईंनी नवऱ्याच्या ओठांना लागलेलं तूप पाहिलं. या तोंडासमोर आपण इतकी वर्षं ताट वाढत आलो, याची त्यांना शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी त्या भेस्तानला गेल्या. लोटू पाळीवरून परतला, तर घरात खैरूनबी भाकरी थापत होती, नात त्याच्या खाटेवर झोपली होती आणि त्याची वळकटी बाबुरावाच्या दारात पडली होती.

"मी कोठे झोपू?" त्याने विचारलं.

"जठला रोट खादात, तठे झोपा," प्रमिलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी कडी लावली.