मांडीची शीर की वाटीखालची?

दवाखान्याच्या बाकड्यावर शेजारच्या अनोळखी माणसानं न विचारताच माझा सुजलेला गुडघा दाबला. लिगामेंट तुटलंय म्हटल्यावर तर त्याला चेवच आला. नवं लिगामेंट मांडीमागच्या शिरेचं करायचं की वाटीखालच्या, हे ठरवायला डॉक्टरांनी मला आठवडा दिला होता. यानं ऐकल्या ऐकल्या दोन्ही शिरा मोडीत काढल्या.

"मांडीची नको, पळताना लागती. वाटीखालची बी नको, जोतिबाम्होरं गुडघं कसं टेकणार?"

माझं डोकंच फिरलं. "मग तुम्ही कुठली बसवलीत?"

"कुठलीच न्हाय, पावणं. माझं बी असंच तुटलं तवा पेठेची फुटबॉलची फायनल हुती. तालमीत तेल चोळलं, पट्टी बांधली आन् उतरलो."

"जिंकलात?"

"न्हाय. पर खेळलो की!"

त्याचा नंबर पुकारला, तसा तो पुन्हा न विचारताच माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून उठला.