रेंजरच्या फटफटीची बैठक

मला भित्रा म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि ते खोटं बोलत नाहीत. तोंड मात्र जन्मापासून फाटकं. कर्जतच्या बाजारात उभं राहून मी खुशाल सांगायचो, की माथेरानच्या घोड्यावर माझ्या हातचं खोगीर नसेल तर साहेबाच्या बुडाला फोड येतील. ही बढाई कुणाच्या कानावर जावी? नेमकी जंगलखात्याच्या रेंजरच्या.

त्याच्याकडं फटफटी होती. तालुक्यात तेव्हा दोन की तीन असतील. खालापूरच्या बाजूनं तिचा आवाज आला की सरपणाची मोळी घेऊन चाललेली माणसं मोळी टाकून शेतात पळायची. माघात एका सकाळी तो आवाज माझ्या दारात येऊन थांबला. बैठकीचं कातडं पावसानं कुजून मधोमध फाटलं होतं, खालच्या स्प्रिंगा दिसत होत्या.

"नवीन शिवून दे. आठ दिवसांत पाहिजे. मोठे साहेब फिरतीवर येतायत," रेंजर म्हणाला.

"होईल साहेब," मी म्हणालो. तो उभा होता तिथून दहा पावलांवर, घराच्या मागं, माझं कातडं कमवायचं कुंड होतं. कुंडात कातडं, आणि त्यावर ऐनाच्या झाडाची साल, सरकारच्या राखीव रानातली.

सालीशिवाय कातडं कमावता येत नाही. बाभळीची साल चालते, पण घोड्याच्या घामानं कुजू नये असं कातडं ऐनातच होतं, निदान आमच्या घरी तरी असंच मानत. बांधावरचे ऐन कधीच संपले होते. उरले ते सरकारी रानात. तिथं साल सोलली की झाड वाळतं आणि सोलणारा तुरुंगात जातो. आम्हाला साल आणून द्यायची डोंगरातल्या वाडीवरची एक कातकरी बाई. बाजाराच्या दिवशी ती मागच्या दारानं यायची, भारा टाकायची, पदरात तांदूळ घ्यायची आणि जायची. नवरा कोळशाच्या भट्टीवर गेला तो परत आला नव्हता. दोन पोरं पाठीमागं.

रेंजर गेल्यावर बायको म्हणाली, "अवो, हात दुखतोय म्हणून सांगा की. नाय म्हणा."

"आणि तो आत येऊन बघंल कुठं दुखतंय ते! गप बस."

घरात चांगलं कातडं तेवढं एकच, ते कुंडातलं. त्याला अजून पंधरा दिवस हवे होते. मी काढलं. काढलेलं कातडं वाहत्या पाण्यात दोन दिवस झोडपून धुवावं लागतं, पाणी निवळ येईपर्यंत. पण ऐनाचं पाणी येतं लालभडक, आणि उल्हास नदीच्या काठावर दिवसभर अर्धं गाव असतं. कुणी विचारलं तर? मी भ्यालो. घरातच चार घागरींत खंगाळलं आणि पुरे म्हटलं. बापानं पाहिलं असतं तर कातडं कापायची रापी फेकून मारली असती.

रेंजर बैठकीचा लोखंडी सांगाडा सोडवून ठेवून गेला होता, त्यावर ओलं कातडं ताणलं, लाकडी मोगरीनं ठोकून ठोकून आकार दिला. कडेनं आरीनं भोकं पाडली. मेणावलेला दोरा, दोन टोकांना दोन सुया, एकाच भोकातून समोरासमोर ओढायच्या. असा टाका एक तुटला तरी शेजारचा धरून राहतो. एरवी हात चालू असले की माझी भीती पळते, पण त्या आठवड्यात कुत्रं भुंकलं तरी सुई बोटात जायची. तीन बोटं फुटली. तरी टाके सरळ आले हो! ते मी आजही सांगेन.

रेंजर बसला, वरखाली हलला, खूश झाला. "वा! विलायती झक मारते," म्हणाला. मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या कामाबद्दल एक अक्षर बोललो नाही. फटफटीचा आवाज लांब गेला तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला.

चौथ्या दिवशी तो परत आला. पेज नदी ओलांडताना पाणी उडून बैठक भिजली होती. त्याच्या खाकी तुमानीला मागं हा एवढा तांबडा डाग. मोठा साहेब म्हणे सगळ्यांसमोर हसला. मला वाटलं, हा आता चाबूक काढणार. पण तो ओरडला नाही. त्यानं बैठकीवर अंगठा घासला आणि नाकाशी नेला.

"ऐन," तो म्हणाला. "रानात वाळलेली झाडं मी रोज मोजतोय. तू काही डोंगर चढत नाहीस. कोण आणून देतं ते सांग, तुला सोडतो. नाही तर चल कचेरीत."

नंतर मला खूप सुचलं. बाभळीची आहे म्हणता आलं असतं. मीच आणली म्हणता आलं असतं. त्या वेळी माझ्या तोंडून आलं ते एवढंच, "बाजाराच्या दिवशी येते साहेब. मागच्या दारानं."

आत बायको भाकरी थापत होती. तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला.

बाजाराला दोन दिवस होते. वाडीची वाट मला पाठ होती. सकाळी निघून, तिला सावध करून दुपारी परत येता आलं असतं. पण वाटेत रेंजरचा माणूस भेटला तर? बायको म्हणाली, "मी जाते." मी तिलाही जाऊ दिलं नाही, दंडाला धरून बसवली. बाजाराच्या दिवशी मी नेरळला निघून गेलो, खोगीर द्यायला म्हणून. द्यायचं एकही खोगीर नव्हतं. परत आलो तेव्हा मागच्या दाराशी साल विखुरली होती. बायकोनं ती उचलली नव्हती.

बाईला चार महिन्यांची कैद झाली. रेंजरनं मला सोडलं, कागदावर तिला वाटेत पकडली असं लिहिलं. त्या चार महिन्यांत मी रोज वाट पाहिली, की ती तुरुंगात माझं नाव घेईल आणि शिपाई येईल. कुंड बुजवलं. कुणी हाक मारली तरी मी आत पळायचो.

शिपाई आला नाही. ज्येष्ठात ती आली, मागच्या दारानंच. वाळून काटकी झाली होती. मी दाराआड झालो होतो, पण बायकोनं मुद्दाम हाक मारून मला बाहेर काढलं.

"भिऊ नको रं," बाई मला म्हणाली. "लई इचारलं त्यांनी, साल कोनाला घालतेस. चुलीत घालते, सांगितलं. तुजं नाव नाय घेतलं म्या."

बायको माझ्याकडं बघत होती. आता सांगावं, असं वाटलं. खरंच वाटलं. पण रेंजरची वाटली नव्हती इतकी भीती मला तिची वाटली.

"सालीचं काय रं?" बाईनं विचारलं. "पोरांना खायाला नाय. आनू का परत?"

"आण," मी म्हणालो.

बायको उठली आणि बाईच्या पदरात तांदूळ घालायला लागली.