एका सेकंदात पडणारा माणूस

दुकानात त्यांना सगळे पडेबुवा म्हणत, कारण पडण्याचाच पगार त्यांना मिळे. स्वसंरक्षणासाठी विजेचा झटका देणारी हातातली यंत्रं विकणाऱ्या त्या दुकानात गिऱ्हाईक घुटमळलं, की मालक बुवांच्या मांडीला यंत्र टेकवी, टर्रकन आवाज होई आणि बुवा धाडकन जमिनीवर. मग गिऱ्हाइकाला पटायला वेळ लागत नसे.

खरी गोष्ट बुवांना ठाऊक होती. क्षणभराच्या झटक्याने सहसा कोणी पडत नाही. कळ येते, माणूस दचकतो आणि वर चिडतो. स्नायू लुळे पडायला हवे असतील तर यंत्र चार-पाच सेकंद दाबून धरावं लागतं, आणि जाड कपडा मध्ये आला तर तेही वाया. पण पाच सेकंद, रोज दहा वेळा, कोण सोसणार? म्हणून बुवा पहिल्याच आठवड्यात टर्र होताच आपणहून पडायला शिकले. मांडीवरच्या जोडीजोडीने उठलेल्या लाल ठिपक्यांना बायको तेल लावी आणि मालकाचा उद्धार करी.

लेकीला शिवणकारखान्यात काम लागलं, तेव्हा बुवांनी तिला एक यंत्र दिलं. लहानपणापासून ती बापाला पडताना बघत आली होती. वेगळं काही शिकवावं असं त्या शहाण्याला वाटलं नाही.

एका संध्याकाळी बसथांब्यामागच्या गल्लीत एकाने तिला अडवलं. तिने त्याच्या जाड जाकिटावर यंत्र टेकवलं, सेकंदभर दाबलं, हात मागे घेतला आणि तो पडायची वाट बघत उभी राहिली. तो पडला नाही. लोक धावून येईपर्यंत त्याने तिचं मनगट पिरगळून मोडलं होतं. बोटं पुन्हा सुई धरतील का, हे डॉक्टरांनाही सांगता येईना.

“बाबा, माझं काय चुकलं?” तिने दवाखान्यात विचारलं. “तुम्ही तर लगेच पडता.”

बुवांच्या ओठांवर खरं आलं होतं. पण जन्मभराचं सोंग लेकीसमोर उतरवायला छाती लागते.

“घाबरून हात हलला असेल तुझा,” ते म्हणाले.

“असेल,” ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी एक बाई आपल्या कॉलेजातल्या मुलीला घेऊन दुकानात आली. मालकाने यंत्र टेकवलं. पडेबुवा पडले.

“एवढंच दाबायचं?” मुलीने विचारलं.

“एवढंच,” मालक म्हणाला.

त्या दिवशी बुवांना उठवायला त्याला दोनदा हाक मारावी लागली.