जांभळ्या झेंड्याचा भाडेकरू

माझे शुद्धलेखन कच्चे आहे आणि अक्षर त्याहून वाईट. चौथीनंतर पेन हातात धरला तो फक्त सुक्या बोंबलांचा हिशेब मांडायला. तेव्हा ही वही चुकून कोणाच्या हाती लागली, तर ऱ्हस्व-दीर्घ त्याने आपल्या मनातच सुधारून घ्यावे, मला सांगायला येऊ नये. पण एक गोष्ट मी न अडखळता लिहू शकते. आमच्या मागच्या खोलीत जो भाडेकरू राहून गेला, त्याच्याइतका समुद्राला घाबरणारा माणूस राजोडीच्या किनाऱ्याने कधी पाहिला नसेल, आणि समुद्राचे इतके वेड असलेलाही नसेल.

तो साताऱ्याकडच्या कोरड्या गावचा. पोहता येत नव्हते. मुंबईच्या एका मोठ्या कॉलेजात पीएचडी करत होता आणि विषय घेतला होता लाटेवर वीज तयार करायचा. पहिल्या दिवशी त्याने मला तो समजावून सांगितला. पिंपासारखा एक तरंगता डबा, आत लोहचुंबक, लाटेने डबा खालीवर झाला की वीज. मी मान हलवली. आमच्या ह्यांनी विचारले, "मग आमच्या घराचं बिल कमी होईल का?" तो गंभीरपणे म्हणाला, "काका, सध्या एक छोटा दिवा लागेल. तोही अधूनमधून." गंमत अशी की आमच्या आळीत सगळ्यात जास्त वेळा त्याच्याच खोलीतली वीज जायची, आणि समुद्रातून वीज काढणारा हा माणूस माझ्याकडे मेणबत्ती मागायला यायचा.

मोजण्याचे त्याला व्यसनच होते. सकाळी चहाचा कप घेऊन सुरूच्या झाडाखाली बसायचा आणि घड्याळ लावून लाटा मोजायचा. मध्ये कोणी हाक मारली तर उत्तर न देता बोट वर करायचा, म्हणजे थांबा, अजून मोजतोय. मी कपडे धुवायला बसले की बादलीतल्या पाण्याकडे असा बघायचा की मला कपडे पिळायचीही चोरी. एकदा मी कॅलेंडर बघून सहज म्हणाले, आज अष्टमी, म्हणजे सहाला भरती. त्याने मोबाईल काढला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत असते, पण त्याला कोण आनंद! "मावशी, हे तुम्ही कुठे शिकलात?" मी पदर तोंडाला लावून आत निघून गेले. त्या दिवसापासून तो मोबाईल बघायच्या आधी मला विचारायचा.

होळीनंतर वारा सुटला तेव्हा डबा समुद्रात सोडायचे ठरले. ओळीने चाळीस दिवसांचे आकडे त्याच्या सरांना हवे होते. ते मिळाले तर पीएचडी पूर्ण, आणि मग परदेशातल्या एका थंडीच्या बंदरात दोन वर्षे पुढचे संशोधन. तिथल्या लोकांनी जागा धरून ठेवली होती, पण पावसाळ्यापर्यंतच. त्यातून त्याची फेलोशिप मुदत संपून बंद झालेली. त्यामुळे हे चाळीस दिवस गेले की सगळेच गेले. आमचे हे त्याला होडीतून घेऊन गेले. हा होडीच्या तळाशी डोळे मिटून आडवा, तोंडाशी पिशवी, आणि पडल्यापडल्या विचारतोय, "काका, आत्ताची लाट केवढी होती?" हे म्हणाले, "डोळे उघड नि तूच बघ. आकडे तुला पायजेत का मला?"

डबा लांबून दिसावा म्हणून त्याने त्यावर काठी उभारून तिला एक जांभळे कापड बांधले होते. आमच्याच दोरीवर वाळत होते, त्याला फडके वाटले. आमच्याकडे समुद्रात जाळे टाकले की खुणेला झेंडा लावतात आणि प्रत्येक घराचा रंग ठरलेला असतो. आमच्या घरचा जांभळा. होडीत तो गुंडाळून ठेवलेला, म्हणून ह्यांच्याही लक्षात आले नाही. आणि डबा टाकला तो नेमका शेजारच्या म्हाताऱ्या कोळ्याच्या, ज्यांना आम्ही सगळे बाप्ये म्हणतो त्यांच्या, जाळे टाकायच्या जागेवर.

दुसऱ्या दिवशी बाप्ये अंगणात उभे. "तुझ्या नवऱ्याला सांग, म्हातारा झालो म्हनून माझी जागा खायची नाय!" मी मागच्या खोलीकडे बघितले. भाडेकरूच धावत बाहेर आला, एका पायात चप्पल. म्हणाला, "आजोबा, ते जाळे नाही. ते माझे शिक्षण आहे. उद्याच काढतो." बाप्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितले. "केवढं शिकलास?" "बावीस-तेवीस वर्षं झाली." "अजून संपलं नाय?" "नाही." "मग राहू दे. पन झेंडा आता उतरवायचा नाय. लावलास ना, मग ते त्या घरचंच झालं." जाताना मला म्हणाले, "याला जरा मासळी घाल गो, नुसत्या भातावर डोकं चालत नाय."

अडतीस दिवस नीट गेले. भिंतीवर तो रोज एक रेघ मारायचा. एकोणचाळिसाव्या दिवशी वादळी वारा आला आणि दोर तुटला. किनाऱ्यावरून झेंडा दिसेना. दोन दिवस तो जेवला नाही. ताट समोर ठेवले की म्हणायचा, "ठेवा मावशी," आणि ते तसेच थंड व्हायचे. तिसऱ्या दिवशी बाप्ये आले. मागे दोन माणसांनी खांद्यावर तो डबा आणलेला, वर फाटका जांभळा झेंडा. लांब दुसऱ्या गावच्या होड्यांमध्ये तरंगत होता. बिनझेंड्याचा असता तर ज्याला सापडला त्याचा झाला असता. "तुमच्या घरचं हाय म्हनून आनलं," बाप्ये म्हणाले आणि पाण्याच्या तांब्यालाही न थांबता गेले.

आतले आकडे शाबूत होते. पण शेवटचे दोन दिवस दोर तुटल्यानंतरचे, आणि त्यात डबा ओढून आणताना बसलेले बाप्यांच्या होडीच्या इंजिनाचे धक्के. हे म्हणाले, "धर की तेच, चाळीस झाले. कोन बघतंय?" तो म्हणाला, "काका, शिळी मासळी बर्फात घातली म्हणून ताजी होते का?" आणि त्याने सरांना फोन करून सगळे खरे सांगून टाकले. मी दाराआड उभी राहून देवाचे नाव घेत होते. फोन ठेवून त्याने भिंतीवरच्या रेघा पुन्हा एकदा मोजल्या. मग म्हणाला, "मावशी, अडतीस चालतील म्हणाले." आणि ताट मागितले.

पीएचडी संपवून परदेशी जाताना त्याच्याकडे तिकिटापुरतेही पैसे नव्हते. खोलीचे आणि जेवणाचे तर मी कधी विचारलेच नव्हते. मला मागायला लाज वाटायची, आणि मी लाजते म्हणून त्याला जास्त लाज वाटायची. सुक्या मासळीचे साठवलेले पैसे मी वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच्या पिशवीत ठेवले. त्याने ते मोजले, मागचे सगळे त्यात मिळवले आणि माझ्या वहीत स्वतः लिहून सही केली.

तिथून दर महिन्याला थोडे थोडे यायचे आणि मागोमाग त्याचा फोन. "मावशी, पोचले का?" "पोचले." मग तो विचारायचा, "आज जाळ्यात काय मिळालं?" मासा तोंडाला न लावणारा माणूस, पण मी एकेक नाव घ्यायची आणि तो शेवटपर्यंत ऐकायचा. फोनवर मला दुसऱ्या कोणाशी एवढे बोलता येत नाही.

परवा फोन आला. म्हणाला, "मावशी, माझ्या हिशेबाने हा शेवटचा. तुमच्या वहीत बघून सांगा ना." वही मांडीवरच होती. एक महिन्याचे अजून राहिलेत, असे सांगावे, अगदी ओठांवर आले होते. उगाच पान उलटले, परत उलटले. तो तिकडे थांबून होता.

"बघितलं रे," मी म्हणाले. "सगळे फिटले. एक रुपया राहिला नाही."