ओली फांदी

तिला सगळे काटेमावशी म्हणत. ती निवडुंगाची कुंपणं घालायची. तिधारी निवडुंग, धारेधारेवर काटे. "यातून ढोर नाही, चोर नाही, जावईसुद्धा आत यायचा नाही," असं म्हणून ती गिऱ्हाइकांना हसवायची.

तोडलेली फांदी ती लगेच लावत नसे. तोडल्या जागी पांढरा चीक गळतो. तो आटला नाही तर फांदी मातीत कुजते. म्हणून अंगणात दोन ढीग असत. दारालगत सुकलेल्यांचा, भिंतीकडे ओल्यांचा. चीकही वाया जात नसे. कुणाच्या तळव्यात काटा मोडला की मावशी वर एक थेंब लावायची, काटा आपोआप वर यायचा. चामखिळीलाही तोच. "डोळ्यात गेला तर मात्र डोळा गेला समज," हे बजावल्याशिवाय ती कुणाला सोडत नसे.

त्या दुपारी तिची मुलगी धावत आली. एका पायात चप्पल, ओठ फाटलेला, डावा हात लोंबता.

"आई, या खेपेला तो जीवच घेईल."

मावशीनं तिला आतल्या खोलीत ढकललं. बाहेरून कडी घातली.

जावई मागोमाग आलाच. धंद्यानं खाटीक.

"सासूबाई, माझी बायको द्या."

"बायको म्हणजे काय उसनी वाटी आहे रे, परत मागायला?"

त्यानं तिला केसांना धरून अंगणात आपटलं. पोटात लाथ घातली. तिचा दात तुटून मातीत पडला. शेजाऱ्यांची दारं धडाधड लागली.

"तुझ्याच काट्यांनी सोलतो तुला, थेरडे!" तो ढिगाकडे वळला. भिंतीकडच्या.

ओली आहे ती. आयुष्यभर मावशी हे ओरडत आली होती, पोरांना, गिऱ्हाइकांना, कुत्र्यांनासुद्धा. आत्ता तिनं ते रक्तासकट गिळलं. डोळे मिटून तोंड मातीत खुपसलं.

पहिलाच फटका पाठीत रुतला आणि फांदी मोडली. चीक उसळून त्याच्या तोंडावर उडाला. त्यानं चिकानं भरलेल्या हातांनी डोळे चोळले. मग तो असा किंचाळला, की लागलेली दारं पुन्हा उघडली.

"पाणी! आई, पाणी द्या!"

मावशी उठली. आधी कडी काढली. मुलगी बाहेर आली, त्याला पाहिलं, घागरीकडे झेपावली. मावशीनं तिचं मनगट पकडलं.

"तू नीघ. बहिणीकडे जा."

"आई, तो आंधळा होईल गं."

"मी धुते. तू वळणाआड गेलीस की."

मुलगी क्षणभर थांबली. मग पळाली.

मावशीनं जावयाच्या छातीवर गुडघा रोवला, गळ्याला फांद्या तोडायचा कोयता लावला. तो विनवत होता. ती रस्त्याकडे बघत होती. मुलगी दिसेनाशी झाली, तेव्हा तिनं घागर ओढली.

एक डोळा वाचला.