कपबोर्डमधला पी

एखादा इंग्रजी शब्द मनात भरला की सुतारकाका कानामागची पेन्सिल काढून तो प्लायवूडवर लिहीत आणि मध्ये कुठंतरी उभी रेघ मारत. "आधी सांधा बघायचा," म्हणत. शिक्षण नववीपर्यंत, तेही मराठीतून. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात त्यांचा गाळा होता; राहायला अंबरनाथला, आमच्याच इमारतीत तळमजल्यावर. मी एम.ए. झालेली, शाळेत इंग्रजी शिकवणारी.

आमच्या स्वयंपाकघरातलं कपाट करायला ते आले, तेव्हा त्यांनी विचारलं, "बाई, लिहितात कपबोर्ड, म्हणतात कबर्ड. मग पी कुठं गेला?" पी सायलेंट आहे, असे शब्द पाठच करायचे असतात, असं मी सांगितलं. सातवीतली माझी मुग्धा तिथंच बसून ऐकत होती.

दोन दिवसांनी काका रद्दीवाल्याकडून मिळवलेला जाडजूड शब्दकोश घेऊन आले. बोर्ड म्हणजे फळी. पूर्वी ती कप मांडायची नुसती उघडी फळीच होती, दारं पुढं कधीतरी लागली. आणि भरभर बोलता बोलता पी शेजारच्या बीमध्ये मिसळून गेला.

"आई, तुला माहीत होतं हे?" मुग्धानं विचारलं. मी हो म्हटलं. ते खोटं होतं.

मग तिचे सगळे प्रश्न तळमजल्यावर जाऊ लागले. एका संध्याकाळी धावत वर येऊन तिनं मला सांगितलं, की ब्रेकफास्ट म्हणजे रात्रभराचा उपास सोडणं. हे मी तिला ती तिसरीत असताना सांगितलं होतं. तिला ते आठवतही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी खाली गेले आणि काकांना म्हटलं, तिला यापुढे काही शिकवू नका, परीक्षेत तिचा गोंधळ होतो. "बरं, बाई," एवढंच ते म्हणाले.

पुढं त्यांची नजर अधू झाली. धंदा बंद करून ते बदलापूरला, कुळगावात मुलाकडे राहायला गेले.

गेल्या वर्षी मुग्धाला भाषाशास्त्राच्या एम.ए.ला प्रवेश मिळाला. काकांना स्वतः जाऊन सांगायचंय, म्हणाली. मीच तिला स्कूटरवरून घेऊन गेले. काकांनी तिला अगदी जवळ बसवून तिचा चेहरा निरखला. गप्पा रंगल्यावर तिनं विचारलं, "काका, तेव्हा तुम्ही एकदम शिकवायचं का बंद केलंत?"

मी मान खाली घातली.

"कामं वाढली होती गं," काका म्हणाले. "चुकलंच माझं."

मुग्धा लटकी रागावली, मग त्यांच्या पाया पडली. काकांचे आभार मानावेत, असं माझ्या मनातही आलं नाही. वाटला तो हेवाच. त्यांच्या जागी मी असते, तर खरं सांगून टाकलं असतं.