आईच्या ट्रॅक्टरचं स्टेअरिंग

आमचा ट्रॅक्टर माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान आहे. त्याचं पॉवर स्टेअरिंग कंपनीचं नाही, आमच्या गावच्या मिस्त्रींनी मागाहून बसवलेलं. त्याआधी ट्रॅक्टर आबा, म्हणजे माझे वडील, चालवायचे. मग त्यांना दूध संस्थेत काम लागलं आणि शेत आईवर आलं. वैरणीचे भारे वाहून आईचा उजवा खांदा कायमचा गेलेला. ओल्या रानात जुनं जड स्टेअरिंग फिरवणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं. पॉवर स्टेअरिंग बसलं आणि आई ट्रॅक्टरवर बसली. एका बोटानं वळतंय, असं ती आल्यागेल्याला सांगायची.

यंदा उसाच्या लागणीच्या तोंडावर ते गळायला लागलं. मिस्त्रींनी दोनदा सील बदललं, तरी दोन दिवसांत तेलाची टाकी तळाला. वळताना आईला पुन्हा दोन्ही हात लावावे लागत होते.

मी तेव्हा घरी होतो. सातबाऱ्यावर बाईचं नाव लागलं पाहिजे, या मागणीची पत्रकं तालुकाभर वाटून नुकताच आलो होतो. शोरूमला फोन लावला, तर एवढ्या जुन्या गाडीला काही मिळत नाही, नवीन घ्या म्हणाले. माझं डोकं फिरलं. राबणाऱ्याच्या हातातली वस्तू मोडीत काढून त्याला नवीच्या दारात उभं करायचं, हा ठरवून चाललेला डाव आहे, यावर पत्रक निघालं पाहिजे, असं मी मिस्त्रींना ऐकवलं. ते ट्रॅक्टरखाली आडवे झाले होते. तिथूनच म्हणाले, "काढा की. पण पत्रक वाचून तेल थांबत न्हाय, पावणं."

मी घरी कमीच असतो, म्हणून हे पावणं.

त्यांनी स्टेअरिंगच्या सिलिंडरचा दांडा बाहेर काढला आणि मला त्यावरून नख फिरवायला लावलं. नख अडकलं. दांड्यावरचं रबरी कव्हर फाटून चिखल आत गेला होता. चकाकी जाऊन चरे पडले होते आणि तेच चरे प्रत्येक नवं सील कापत होते. दांडा शहरात, उद्यमनगरातल्या कारखान्यात नेऊन त्यावर क्रोम चढवून घासून आणायला हवा होता. तीन दिवस लागणार होते. कव्हर उन्हाळ्यापासून फाटलेलं होतं. ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. त्यात कंपनीचा डाव कुठेच नव्हता.

पण रानाला वाफसा आला होता, माती ना ओली ना कोरडी. सऱ्या आत्ताच सोडायला हव्या होत्या, नाहीतर ढेकळं निघणार. आबांनी तोड काढली. म्हणाले, जुनं स्टेअरिंग शेडमध्ये पडून आहे, अर्ध्या दिवसात बसेल, मी दोन दिवस रजा टाकून सऱ्या सोडतो, दांडा आला की परत बदलू. तात्पुरतं. मला ते पटलं आणि मी तसं बोललोही.

आई गोठ्याच्या कट्ट्यावर बसली होती.  माझ्याकडे बघून म्हणाली, "जुनं बसलं की ट्रॅक्टर ह्यांचा झाला. मग दांडा आला तरी म्हणतील, चाललंय की, कशाला काढताय. हातातनं सुटलेलं काम परत मागाय लागतंय बाबा. हेच लिवतोस न्हवं तू? मग हितं तिकडच्या बाजूला का बसलाईस?"

  आमच्या पत्रकात बाईचं नाव असतं, सही असते, हिस्सा असतो. रोज सकाळी ट्रॅक्टरच्या सीटवर कोण बसतं, हे कधी नसतं. आणि अन्याय करणारा माणूस मला लांबून ओळखता येतो, असं मी समजत होतो. आबा तसे नाहीत. त्यांना फक्त वाफसा दिसत होता, आणि तो खराच होता. मलाही तोच दिसला. आईला त्याच्या पुढची पाच वर्षं दिसली.

आबा मिस्त्रींना म्हणाले, जुनं राहू दे, दांडा पाठवा.

पोत्यात गुंडाळून तो मीच मोटारसायकलवरून नेला. तीन दिवसांचे चार झाले. वाफसा गेला. आबा संध्याकाळी रानातलं ढेकूळ उचलून मुठीत दाबायचे, ते फुटायचं नाही. एका शब्दानं ते आईला बोलले नाहीत. बोलले असते तर मला सोपं गेलं असतं, भांडता आलं असतं.

दांडा बसला, नवं सील, नवं कव्हर बसलं. आता तेल भरून, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवून आतली हवा काढायची होती. आबा सवयीनं चढायला गेले. मिस्त्री म्हणाले, "आबा, तुमी नगो, तुमी जोर लावताय. वहिनी, बसा."

आई चढली. आबांनी तेलाचा डबा घेतला आणि टाकीपाशी उभे राहिले.

"फिरवू?" आईनं विचारलं.

"थांब, फेस हाय अजून." ते वाकून बघत राहिले, मग थोडं तेल ओतलं. "हं. आता फिरव. दमानं."

असं बराच वेळ चाललं. मी खाली बॅटरी धरून दांड्याकडे बघत होतो. कोरडा होता.

वाफसा परत यावा म्हणून दुसऱ्या दिवशी रानाला पुन्हा पाणी पाजलं. सऱ्या आठ दिवस उशिरा पडल्या. त्या आईनं पाडल्या.